सातवा रकाना

पेइप्सी सरोवरावर वारा असा येतो
की तक्त्याचे कागद आपोआप उलटतात,
पुढचा धोका दाखवायला.

मी लिहिते: बर्फ.
इजा कोणाला होऊ शकते: सगळ्यांना.
शक्यता एक ते पाच, गांभीर्य एक ते पाच,
मग दोघांचा गुणाकार.
शाळेत गुणाकार चुकला तर बाई
फक्त लाल शाईने गोल करायच्या.

ताव्हेतला एकच शॉट हवाय:
अकरा वर्षांची मुलगी, पिवळा कोट,
चारी दिशांना काही नाही
आणि ती चालत जाते, चालतच जाते.
"रिकामं दिसायला हवं," तो म्हणतो.
रिकामं म्हणजे दोरी दिसायची नाही,
दोरी धरणारा दिसायचा नाही,
मी दिसायची नाही.

वार्न्या गावातून साव्वाती आजोबा आलेत,
दाढीला धुरावलेल्या माशांचा वास,
खांद्यावर लोखंडी पहार.
मी आणलेल्या टेपकडे ते बघतही नाहीत.
दर वीस पावलांवर पहार मारतात,
मान तिरकी करून ऐकतात,
पुढे जातात.

"बावीस सेंटिमीटर," मी म्हणते. "पुरेल ना?"
"सकाळी पुरेल.
दुपारी तेच बावीस, पण बर्फ दुसरा.
आणि गावाकडून वारा सुटला
तर बर्फ किनारा सोडतो. सांगून सोडत नाही."

तक्त्यात वाऱ्याला जागा नाही.
मी समासात लिहिते.

जनरेटर किनाऱ्यावर. माणसं पाच-पाच पावलं लांब.
गळ्यात बर्फात रुतवायचे टोचे, प्रत्येकाच्या,
मुलीच्याही, पण कोटाच्या आत.
एल्ले त्यांना मांजराची नखं म्हणते.
तिच्या आईची सही घेतली.
आईने कागद वाचला नाही,
नुसतं माझ्याकडे बघितलं आणि सही केली.
त्या सहीचं वजन मी कुठेच धरलेलं नाही.

शेवटी साव्वातींनी विचारलं,
"थांबा कोण म्हणणार?"
मी म्हटलं, दिग्दर्शक.
ते हसले. पहार बाहीला पुसली.
"ज्याला मासा हवाय त्याने बर्फ तपासू नये.
माझ्या भावाला त्या दिवशी मासा हवा होता."
पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
छापील तक्ता सहा रकान्यांचा;
पट्टी नव्हती, हातमोज्यातल्या हाताने
वाकडी रेघ ओढून सातवा काढला
आणि त्यात माझं नाव लिहिलं.

पहिल्या टेकला एल्लेने मागे वळून पाहिलं.
दुसऱ्यात ढग आला.
तिसरा चांगला होता. ताव्हेत म्हणाला, अजून एक,
फक्त एक, उजेड आत्ता कुठे येतोय.
आणि खरंच येत होता,
बर्फाखालूनच कुणी दिवा वर आणत असावं तसा.
तेवढ्यात माझी पाठ गार पडली.
वारा गावाकडून होता.
साव्वाती काही म्हणाले नाहीत,
खाली ठेवलेली पहार उचलून हातात घेतली, एवढंच.

थांबा, मी म्हटलं.
आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही.
कैडीने काचेवरच्या वाफेत बोटाने चौकट काढली
आणि तिच्यातून सरोवर बघत राहिली.

त्या रात्री बर्फ फुटला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
शनिवारपर्यंत मी रोज साव्वातींना फोन केला.
"आहे अजून," ते सांगायचे,
घरातल्या आजाऱ्याबद्दल सांगावं तसं.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणतात.
इथे काळ तरी आला होता का,
ते मला कधीच कळणार नाही.

पडद्यावर तो शॉट सत्तेचाळीस सेकंदांचा आहे.
एक मुलगी रिकाम्यातून चालत जाते.
परीक्षक म्हणाले, किती एकटी वाटते.
तक्ता विभागाच्या कपाटात कुठेतरी आहे.

एल्ले आता बारा वर्षांची आहे.
मांजराची नखं तिने परत दिलेली नाहीत.
मी मागितलीही नाहीत.